गप्प देवाचं ऐकणं

रात्रीची वेळ. मठातल्या छोट्या खोल्यांमध्ये सगळे झोपायच्या प्रयत्नात आहेत. एका खोलीतून आवाज येतो. दिवसा नांगर धरणारा, लाकडं फोडणारा एक धट्टाकट्टा माणूस अंधारात देवाला विनवतोय, मला सोडू नकोस, मदत कर. भिंती पातळ आहेत. शेजारच्या खोल्यांतले म्हातारे उघड्या डोळ्यांनी ते ऐकताहेत. कुणी उठून त्याच्याकडे जात नाही. देवही काही बोलत नाही.

झाव्हिए बोव्हुआ या फ्रेंच दिग्दर्शकाच्या ‘ऑफ गॉड्स अँड मेन’ या २०१० सालच्या चित्रपटातला हा प्रसंग. त्या वर्षी कान महोत्सवात याला ग्राँ प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा मान मिळाला. फ्रान्समध्ये तीस लाखांहून जास्त लोकांनी तो थिएटरात जाऊन पाहिला. आठ-नऊ मठवासी, त्यातले बरेच म्हातारे, दिवसातून अनेकदा प्रार्थना गाणार, मध भरून बाटल्या बाजारात विकणार आणि उरलेल्या वेळात जेवणाच्या टेबलाभोवती बसून इथं राहायचं की निघून जायचं यावर बोलणार, एवढाच याचा ऐवज. तरी लोक गेले.

मी ख्रिस्ती नाही. चर्चमध्ये गेलो असेन तर मित्रांच्या लग्नांना. पण मला हा चित्रपट भीती आणि आज्ञापालन या जोडीबद्दलचा सगळ्यात सरळ चित्रपट वाटतो, आणि ही जोडी कुठल्या एका धर्माची नाही. ‘देवाने बोलावलं, माणूस घाबरला, तरी गेला’ ही गोष्ट आपण इतक्या वेळा ऐकलेली असते, की तिच्यातल्या ‘तरी’ या शब्दाकडे आपलं लक्षच जात नाही. हा चित्रपट दोन तास त्या ‘तरी’मध्ये बसून राहतो.

काय घडलं होतं

गोष्ट खरी आहे. अल्जीयर्सच्या दक्षिणेला सुमारे ९० किलोमीटरवर, अ‍ॅटलास पर्वताच्या कुशीत तिबिरीन नावाचं गाव आहे. तिथं ट्रॅपिस्ट पंथाच्या फ्रेंच मठवासींचा मठ १९३८पासून होता. आजूबाजूची सगळी वस्ती मुस्लीम. मठात ल्यूक नावाचे एक डॉक्टर ब्रदर होते, ते येईल त्याला फुकट तपासायचे. मठाच्या जमिनीत गावकऱ्यांच्या बरोबरीनं शेती चालायची. धर्मांतराची भानगड नव्हती.

१९९१च्या डिसेंबरमध्ये अल्जीरियात निवडणुकीची पहिली फेरी इस्लामी पक्षाने जिंकली. जानेवारी १९९२मध्ये लष्कराने पुढची निवडणूकच रद्द केली आणि देशात यादवी पेटली. त्या दशकात एक ते दोन लाख माणसं मेल्याचे अंदाज आहेत. जीआयए या सशस्त्र गटाने परदेशी लोकांना १ डिसेंबर १९९३पर्यंत देश सोडायची मुदत दिली. १४ डिसेंबरला मठापासून जवळच काम करणाऱ्या १२ क्रोएशियन कामगारांचे गळे चिरले गेले. मठवासी त्यांना ओळखत होते. त्यानंतर दहा दिवसांनी, नाताळच्या रात्री, बंदूकधारी मठाच्या दारात आले.

त्या रात्री ते परत गेले. पण २६ आणि २७ मार्च १९९६च्या मधल्या रात्री दुसरे आले आणि सात जणांना घेऊन गेले. दोन म्हातारे वाचले. मे महिन्यात सातही जण मारले गेल्याचं जाहीर झालं. नक्की कुणी मारलं यावर अजून वाद आहे. जीआयएने जबाबदारी घेतली होती, पण अल्जीरियन लष्कराच्या भूमिकेबद्दलही फ्रान्समध्ये न्यायालयीन चौकशी झाली. २०१८मध्ये कॅथलिक चर्चने त्या काळात अल्जीरियात मारल्या गेलेल्या १९ जणांना ‘धन्य’ घोषित केलं, त्यात हे सात होते.

म्हणजे शेवट सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. फ्रेंच प्रेक्षकांना तर वर्तमानपत्रातून पाठ झालेली. त्यामुळे ‘आता काय होणार’ हा प्रश्न दिग्दर्शकाला वापरताच येत नव्हता. त्याने त्याऐवजी ‘हे कसं ठरलं’ हा प्रश्न घेतला.

भिऊ नको

मराठी ख्रिस्ती भाषेत देवाच्या बोलावण्याला एक देखणा शब्द आहे: पाचारण. आपण तो एरवी फारसा वापरत नाही. पोलिसांना किंवा अग्निशमन दलाला ‘पाचारण करण्यात आलं’ असं बातमीत वाचतो तेवढाच. गंमत म्हणजे तिथंही अर्थ तोच असतो. काहीतरी पेटलंय, आणि तुम्हाला तिकडे जायचंय.

बायबलमधल्या पाचारणाच्या गोष्टींचा एक ठरलेला साचा आहे. देव बोलावतो, माणूस सबबी सांगतो, देव म्हणतो भिऊ नको, आणि खूण देतो. मोशेला जळत्या झुडपातून आवाज येतो, तर तो एकामागून एक हरकती काढतो: मी कोण, लोक विश्वास ठेवणार नाहीत, मला नीट बोलता येत नाही, आणि शेवटी सरळ, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. गिदोन लोकर जमिनीवर पसरून दोनदा चाचणी घेतो. आमच्या क्षेत्रात त्याला उत्तम टेस्टर म्हटलं असतं. यिर्मया म्हणतो मी अजून लहान आहे. योना तर काही न बोलता उलट्या दिशेचं जहाज पकडतो. ‘भिऊ नको’ हे वाक्य या ग्रंथात इतक्यांदा येतं, की त्यावरून एक गोष्ट सिद्ध होते: ज्यांना बोलावलं ते बहुतेक सगळे घाबरलेले होते. न घाबरणाऱ्याला कुणी ‘भिऊ नको’ म्हणत नाही.

आपल्याला हे वाक्य परकं नाही. पुण्यात ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर समोरच्या रिक्षाच्या पाठीवर स्वामी समर्थांचं ‘भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे’ वाचतच आपण सिग्नल सुटायची वाट बघतो. ते वाक्य लोकांना का हवं असतं हे मला कळतं. कुणीतरी बोलतंय, आणि आपल्याशी बोलतंय, एवढ्यानेच अर्धी भीती जाते.

तिबिरीनच्या माणसांची अडचण ही आहे, की त्यांच्याशी कुणी बोलत नाही. या चित्रपटात झुडूप जळत नाही, देवदूत येत नाही, स्वप्न पडत नाही. ज्याच्या रडण्याने मी सुरुवात केली तो क्रिस्तॉफ (ऑलिव्हिए राबुर्दँ) मठप्रमुखाला सांगतो, की मी प्रार्थना करतो आणि मला काहीच ऐकू येत नाही. बायबलमधल्या साच्यातून देवाचा आवाज काढून घेतला, तर उरतो फक्त घाबरलेला माणूस आणि त्याच्या सबबी. मग तो आज्ञा पाळणार तरी कुणाची?

ऐकणं

इथं मराठी आपल्या मदतीला येते. आपल्याकडे ‘ऐकणं’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. ‘मी गाणं ऐकतो’मध्ये कान आहेत. ‘पोरगं ऐकतच नाही’मध्ये कान ठीक आहेत, आज्ञापालन नाही. योगायोग असा, की लॅटिनमधला आज्ञापालनाचा शब्दही ‘ऐकणे’ याच क्रियापदापासून झालाय. ट्रॅपिस्ट ज्या सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीप्रमाणे जगतात, तिचा पहिला शब्दच ‘ऐक’ असा आहे. त्याच नियमावलीत पुढे एक कलम आहे: मठात महत्त्वाचा निर्णय असेल तेव्हा प्रमुखाने सगळ्यांना बोलवावं आणि सगळ्यांचं ऐकावं, कारण देव पुष्कळदा योग्य गोष्ट वयाने लहान असलेल्याला सुचवतो.

चित्रपटाचं सगळं नाट्य या एका कलमावर उभं आहे असं मला वाटतं.

मठप्रमुख क्रिस्तियाँ द शेर्जे (लँबर्ट विल्सन) हुशार आहे, कुराण अभ्यासलेला आहे, आणि सुरुवातीला त्याला भीती वाटत असल्याचं दिसत नाही. क्रोएशियन कामगारांच्या खुनानंतर सरकार मठाला लष्करी पहारा देऊ करतं. तो जागच्या जागी नकार देतो. कारणही चांगलं आहे: ज्या गावाला पहारा नाही, त्या गावात बंदुकांच्या आड राहायचं नाही. सिनेमाच्या सवयीप्रमाणे आपण इथं टाळी वाजवायला तयार होतो. निर्भय माणूस, तत्त्वाचा माणूस.

आणि पुढच्याच प्रसंगात बाकीचे त्याला टेबलावर धारेवर धरतात. आम्हाला न विचारता तू कसं ठरवलंस? आम्ही तुला निवडलं ते एकट्याने निर्णय घ्यायला नाही. क्रिस्तियाँ विचारतो, तुम्ही वेगळं काय सांगितलं असतं? पण मुद्दा तो नसतोच. उत्तर कदाचित तेच आलं असतं. मुद्दा आहे विचारण्याचा.

हा प्रसंग मी तीन-चार वेळा मागे नेऊन पाहिला. चित्रपट इथं एक अनपेक्षित गोष्ट सांगतो. ज्याला भीती नाही तो इथं आज्ञाधारक ठरत नाही, कारण तो कुणाचंच ऐकत नाही. त्याला जे ऐकू येतंय ते देवाचं असेलही, किंवा त्याच्या स्वतःच्या मोठेपणाचं असेल. एकट्याने ते तपासायला मार्ग नाही. घाबरलेली माणसं त्याला टेबलावर परत आणतात. ज्या मंडळींना आपण ‘अजून तयार नसलेली’ म्हणून मनातल्या मनात मागच्या रांगेत बसवलं होतं, त्यांच्यामुळे तो पुन्हा ऐकायला लागतो. या मठात भीती ही आज्ञापालनातली अडचण नाही. तिच्याशिवाय खरं आज्ञापालन सुरूच झालं नसतं.

टेबल

पहिल्या बैठकीत सगळ्यांचं एकमत होत नाही. क्रिस्तॉफला जायचंय. आणखी काहींनाही. सामूहिक आत्महत्या करायला आपण इथं आलो नव्हतो, असा सूर निघतो. ल्यूक (मायकेल लॉन्सडेल) राहणार म्हणतो. कुणी म्हणतं अजून विचार करू. क्रिस्तियाँ कुणावर दबाव आणत नाही. थांबू, प्रार्थना करू, पुन्हा भेटू.

कंपनीतली कुठलीही मीटिंग आठवा. घाबरलेल्या माणसाला तिथं ‘मला भीती वाटते’ असं म्हणता येत नाही. तो ‘रिस्क’ म्हणतो, ‘डिपेंडन्सी’ म्हणतो, ‘टाइमलाइन थोडी अ‍ॅग्रेसिव्ह वाटतेय’ म्हणतो. इथं सत्तरीची माणसं साध्या शब्दांत सांगतात, की मला मरायचं नाही. कॅरोलिन शाँपतिए यांचा कॅमेरा या वेळी काहीही हुशारी करत नाही. एका चेहऱ्यावर थांबतो, तो बोलून झाला की दुसऱ्यावर जातो. कुणाची भीती विनोदी केलेली नाही, कुणाची उदात्त केलेली नाही.

दोन बैठकांच्या मध्ये काय घडतं, तर नेहमीचंच. नांगरणी. भांडी घासणं. ल्यूकच्या दवाखान्यात रांग, एका बाईला औषधाबरोबर चपला-बूट शोधून देणं. गावातली एक मुलगी ल्यूकला विचारते, प्रेमात पडलंय हे कळतं कसं? आणि हा म्हातारा तिला अगदी अनुभवी माणसासारखं समजावून सांगतो, मग म्हणतो की मीही प्रेमात पडलो होतो, एकापेक्षा जास्त वेळा, नंतर त्याहून मोठं प्रेम आलं. पाचारणाबद्दल चित्रपटात एवढंच सोपं भाष्य आहे आणि ते एका बाकड्यावर बसून होतं.

दुसरा संवाद क्रिस्तॉफचा. तो क्रिस्तियाँला विचारतो, शहीद कशासाठी व्हायचं? वीर म्हणवून घ्यायला? क्रिस्तियाँ त्याला आठवण करून देतो, की आयुष्य तर तू आधीच देऊन टाकलंयस, सगळं सोडून इथं आलास तेव्हाच. म्हणजे नवं बोलावणं आलेलंच नाही. देव आत्ता गप्प आहे, कारण त्याला जे सांगायचं होतं ते वीस वर्षांपूर्वी सांगून झालंय. प्रश्न एवढाच, की ते अजून लागू आहे का.

ट्रॅपिस्टांच्या व्रतांमध्ये एक स्थैर्याचं व्रत असतं: ज्या मठात, ज्या माणसांबरोबर व्रत घेतलं, तिथंच मरेपर्यंत राहायचं. दर दोन वर्षांनी कंपनी बदलायची, भाड्याचा करार अकरा महिन्यांचा, आणि मनात सतत कॅनडा की जर्मनी ही चर्चा, अशा माझ्या पिढीला हे व्रत दारिद्र्य किंवा ब्रह्मचर्यापेक्षाही अघोरी वाटू शकतं. पण चित्रपटात एक प्रसंग आहे, तो या व्रताला जमिनीवर आणतो. गावकऱ्यांबरोबर चहा चाललेला असतो. एक मठवासी म्हणतो, आम्ही फांदीवरच्या पक्ष्यांसारखे आहोत, उडून जाऊ की राहू ठाऊक नाही. गावातली एक बाई त्याला दुरुस्त करते: पक्षी तर आम्ही आहोत, फांदी तुम्ही. तुम्ही गेलात तर आम्ही बसायचं कुठं?

मला वाटतं ‘आवाज’ येतो तो इथंच. आकाशातून येत नाही, एका मुस्लीम बाईकडून येतो, आणि तो ‘भिऊ नको’ म्हणत नाही. उलट ‘आम्हीही घाबरलोय’ एवढंच सांगतो. दुसऱ्या बैठकीत एकेक जण राहायचं ठरवतो. भीती कुणाचीच गेलेली नसते.

जिथं चित्रपट कमी पडतो

आता तक्रारी. पहिली, त्या बाईविषयीच. एवढं महत्त्वाचं वाक्य बोलून ती चित्रपटातून जवळजवळ निघूनच जाते. अल्जीरियातल्या त्या दशकात मेलेली बहुतांश माणसं मुस्लीम अल्जीरियन होती. शिक्षिका, पत्रकार, हिंसेला विरोध करणारे इमाम, साधी गावकरी माणसं. त्यांच्यापुढेही रोज ‘राहायचं की जायचं’ हा प्रश्न होता, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना फ्रान्सचं तिकीट मिळणार नव्हतं. चित्रपटात ही माणसं पाहुण्यांसारखी येतात. त्यांची बैठक आपल्याला दिसत नाही.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. खऱ्या क्रिस्तियाँच्या पाचारणाची मुळं कुठं होती, हे नोंदलेलं आहे. १९५९मध्ये, अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धात, तो तिथं तरुण फ्रेंच अधिकारी होता. मोहम्मद नावाच्या गावच्या रखवालदाराशी त्याची मैत्री झाली. एका चकमकीत मोहम्मदने मध्ये पडून त्याचा जीव वाचवला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या विहिरीपाशी मोहम्मद मारलेला सापडला. तो दहा मुलांचा बाप होता. क्रिस्तियाँने पुढे मठवासी होऊन अल्जीरियात परतायचं ठरवलं, ते या ऋणातून. म्हणजे घाबरूनही मैत्रीला जागण्याचा पहिला धडा त्याला एका मुसलमानाने प्राण देऊन शिकवला होता. चित्रपटात हे येत नाही. ते आलं असतं, तर ‘थोर ख्रिस्ती माणसं गरीब मुस्लिमांसाठी राहिली’ असा जो वास काही प्रेक्षकांना येतो, तो आला नसता. कर्ज कुणावर होतं हे स्पष्ट झालं असतं.

तिसरी गोष्ट तक्रार नाही, मराठी वाचक म्हणून पडलेला प्रश्न आहे. या माणसांच्या मागे बायका-मुलं नाहीत. टेबलाभोवती बसलेले सगळे जण स्वतःच्याच जिवाचा निर्णय घेताहेत. आपल्याकडे पाचारणाबद्दलचं सगळ्यात मोठं पुस्तक अशा माणसाने लिहिलंय, जिला त्या टेबलावर जागाच नव्हती. नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला. बोलावणं त्यांना आलं होतं. भीती, एकटेपण आणि नातेवाइकांची बोलणी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आली. काही वर्षं नवऱ्यापासून दूर काढल्यावर त्या स्वतःच्या वेगाने, स्वतःच्या कारणांनी त्या श्रद्धेपर्यंत पोहोचल्या आणि १९००मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९३४ ते १९३७ या काळात भागाभागाने आलेलं ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो खूप, पण त्या हसण्याखाली हा हिशेब सतत चालू असतो: एकाला ऐकू आलेल्या आवाजाची किंमत दुसरं कोण कोण भरतं. तिबिरीनच्या मठात क्रिस्तियाँला जाब विचारणारे भाऊ होते. टिळकांच्या घरात तो जाब विचारायला लक्ष्मीबाईंना लेखणीची वाट पाहावी लागली. ही दोन्ही कामं एकामागोमाग बघावीत-वाचावीत. चित्रपटात जे फार नीटनेटकं वाटतं ते पुस्तक विस्कटून टाकतं.

हेलिकॉप्टर आणि राजहंस

चित्रपटातले दोन प्रसंग आवाजाचे आहेत आणि दोन्ही गाजले. एकात लष्कराचं हेलिकॉप्टर मठावर घिरट्या घालतं. आत प्रार्थना चालू असते. पात्यांचा आवाज वाढत जातो. मठवासी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहतात आणि गात राहतात. त्यांचे आवाज काही पट्टीचे नाहीत. हेलिकॉप्टर हरत नाही, पण गाणंही थांबत नाही. हा प्रसंग हेडफोन लावून पाहा. भीती आणि गाणं एकाच वेळी कानात असतात, एकाने दुसरं पुसलं जात नाही. चित्रपटाचं म्हणणं याहून स्वच्छ कुठंच आलेलं नाही.

दुसरा प्रसंग शेवटच्या जेवणाचा. ल्यूक वाइनच्या दोन बाटल्या आणतो आणि टेपवर चायकोव्हस्कीचं ‘स्वान लेक’ लावतो. कुणी बोलत नाही. कॅमेरा एकेका चेहऱ्याजवळ जातो, आणखी जवळ जातो. आधी हसू, मग डोळ्यांत पाणी. अनेकांच्या मते हा चित्रपटाचा कळस आहे. मला तो कमी आवडतो. तासभर ज्या दिग्दर्शकाने शांततेवर विश्वास ठेवला, तो इथं ऑर्केस्ट्राला म्हणतो, आता तू सांभाळ. शिवाय येशूच्या शेवटच्या भोजनाशी जोडणी इतकी उघड आहे, की ही माणसं टेबलावरून उठून तसबिरीत जाऊन बसतात. मला ती टेबलावरच हवी होती, भांडताना. तरीही लॉन्सडेलचा चेहरा पाहताना ही सगळी टीका थोडा वेळ विसरायला होते, हेही खरं.

नाताळच्या रात्रीचा प्रसंग मात्र निर्दोष आहे. बंदूकधाऱ्यांना डॉक्टर हवा असतो. क्रिस्तियाँ बाहेर येतो आणि डॉक्टर येणार नाही असं सांगतो, औषधंही देता येणार नाहीत, गावालाच पुरत नाहीत. मग तो त्यांना त्यांच्याच ग्रंथाची आठवण देतो, आणि आज येशूच्या जन्माची रात्र आहे असं सांगतो. त्यांचा म्होरक्या माफी मागतो, हात पुढे करतो. क्रिस्तियाँ क्षणभर थांबतो. मग हात मिळवतो. तो क्षणभराचा उशीर म्हणजे लँबर्ट विल्सनच्या अभिनयाचं सार आहे. निर्भय माणसाला भीती त्या क्षणी भेटते, आणि इथून पुढे तो भावांचं जास्त नीट ऐकू लागतो.

उपयोग काय झाला?

आमच्या कामात काहीही कोसळलं की नंतर पोस्टमॉर्टेम लिहायचा असतो. काय घडलं, का घडलं, पुन्हा घडू नये म्हणून काय करणार. त्या रकान्यांत तिबिरीन बसवायला गेलं तर उत्तर वाईट येतं. ते राहिल्यामुळे गाव वाचलं का? युद्ध लवकर संपलं का? नाही. गेले असते तर सात माणसं आणखी जगली असती. ल्यूक ८२ वर्षांचे होते, पण बाकीच्यांपैकी काही जण पन्नाशीच्या आत-बाहेर होते.

चित्रपट या प्रश्नाला उत्तर देत नाही आणि मला तो त्याचा प्रामाणिकपणा वाटतो. तो मृत्यू दाखवत नाही. बर्फात, धुक्यात, चढावर चालत जाणारी माणसं हळूहळू दिसेनाशी होतात, आणि वर क्रिस्तियाँने खरोखर लिहून ठेवलेलं मृत्युपत्र ऐकू येतं. ते त्याने १९९३च्या डिसेंबरात सुरू करून १९९४च्या १ जानेवारीला पुरं केलं होतं. त्यात तो आपल्या होऊ घातलेल्या मारेकऱ्याला आधीच क्षमा करून ठेवतो. आणि त्याला काळजी असते ती ही, की आपल्या मरणाचं खापर सगळ्या अल्जीरियन लोकांवर, इस्लामवर फोडलं जाईल. त्याला हौतात्म्य नको होतं, कारण त्यासाठी कुणालातरी खुनी व्हावं लागतं. हौतात्म्य हवं असणं आणि आज्ञा पाळणं यांतला फरक याहून नेमका मी कुठं वाचलेला नाही. एकाला शेवट हवा असतो. दुसऱ्याला फक्त जागा सोडायची नसते.

या फरकाची गरज श्रद्धा नसलेल्यांनाही आहे. आपल्या वयात ‘माझं कॉलिंग’ हा शब्द फार स्वस्त झालाय. आतून आवाज आला आणि नोकरी सोडली, आतून आवाज आला आणि शहर सोडलं, असे व्हिडिओ रोज समोर येतात. त्यातली माणसं कधी घाबरलेली नसतात. तो आवाज कुणी टेबलावर ठेवून, चार जणांना विचारून, ‘हा माझा हट्ट तर नाही ना’ असं तपासलेलं नसतं. त्या आवाजामुळे कुणाची फांदी तुटणार आहे हेही विचारलेलं नसतं. तिबिरीनची माणसं दोन वर्षांहून जास्त काळ हेच करत होती. त्यांचा निष्कर्ष तुम्हाला पटो न पटो, त्यांची रीत घेण्यासारखी आहे.

वाचलेल्या दोघांपैकी एक, ब्रदर जाँ-पिएर, नंतर मोरोक्कोतल्या मिदेल्त गावात ट्रॅपिस्टांच्याच छोट्या मठात राहिले. तिथंही आजूबाजूला मुस्लीम वस्ती, तीच प्रार्थनेची घंटा, तेच कष्ट. भाऊ गेल्यानंतर आणखी पंचवीस वर्षं ते रोज पहाटे उठून तेच व्रत पाळत होते. २०२१मध्ये वयाच्या ९७व्या वर्षी ते वारले. त्या पंचवीस वर्षांत बंदूक घेऊन कुणी त्यांच्या दारात आलं नाही.